सूर सोडून वाच, सरू

बाई, तेरावं झालं. पाहुणे परभणीच्या गाडीनं गेले. ओटा झाडून झाला. बालवाडीची लेकरं घरी पाठवली आणि त्यांच्याच सतरंजीवर मी हे लिहायला बसलेय. तुम्ही असता तर पहिल्या दोन-तीन वाक्यांवरच बोट टेकवून विचारलं असतं, "झालं, गेले, झाडून झालं! ओटा काय आपोआप झाडला गेला? सरू, कर्ता कुठं पळाला?" ओटा तुमच्या यजमानांनी, अप्पांनी झाडला, बाई. कुणाला खराट्याला हात लावू दिला नाही. आणि लिहिणारी मी आहे, सरस्वती, बोरीची, दोनदा मराठीत नापास झालेली.

शाळेत दुखवट्याची सभा झाली. तुमचा जन्म कुठला, नोकरी किती, बदल्या कुठं कुठं, सगळं हेडमास्तरांनी वाचून दाखवलं. मी मागं दाराशी उभी होते. मनात म्हटलं, अहो, बाईंना हसू आवरायचं नाही तेव्हा त्या पदर तोंडात कोंबायच्या, ते सांगा की. चहात साखर जास्त पडली तर शेजारणीला परत करायच्या, ते सांगा. माझ्यासारख्या तिरसट बाईला त्यांनी वर्षानुवर्षं सहन केलं, ते तर कुणीच सांगितलं नाही. मग मीच सांगते, तुम्हालाच.

तुम्ही बोरीच्या शाळेत बदलून आलात आणि आमच्या गल्लीत खोली घेतलीत, तेव्हा मी गावात पोथीवाली म्हणून चांगली नावारूपाला आलेली होते. सातवीत माझी शाळा सुटली, लग्न झालं, आणि सासूबाईंनी माझा आवाज ऐकून मला म्हाताऱ्या महाराजांशेजारी पाटावर बसवलं. महाराजांची नजर गेलेली. मी वाचायचं आणि त्यांनी अर्थ सांगायचा, अशी वाटणी. श्रावणात देवळात, कुणाच्या घरी व्रताला, कुणाच्या घरी सुतकात, बायांच्या बाजूला मीच. ओवीचे चार तुकडे, दर तुकड्याला श्वास, शेवटी हेल. बाया डोळे पुसायच्या. महाराज गेले, अर्थ सांगणारं कुणी उरलं नाही, तरी माझं वाचन चालूच. अर्थावाचून कुणाचं काही अडलं नाही. पोथी कानावर पडली की पुण्य लागतं, ते लागत होतं.

मग बालवाडी मिळाली आणि तिच्या मागं ती साडेसाती. तपासायला येणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "तुमचं काम चांगलं आहे, पण दहावी पास व्हा. नाहीतर दुसरी बाई बघावी लागेल." मला ती बालवाडी हवी होती, बाई. घराबाहेरची ती एकच जागा होती जिथं मला कुणाची सून म्हणून नाही, तर बाई म्हणून हाक मारायचे. बाहेरून फॉर्म भरला, जिंतूरला जाऊन परीक्षा दिली. गणितात पास. इतिहासात पास. हिंदीतसुद्धा पास. मराठीत नापास. दुसऱ्यांदा बसले, पुन्हा मराठीतच नापास.

गावाला तर उकळी फुटली. "नाव सरस्वती आन् मराठीत नापास!" पाणवठ्यावर बाया खिदळायच्या. आमचे हे खरंच हैराण. म्हणाले, "जिच्या पोथीला सारं गाव रडतंय, ती वाचायच्या परीक्षेत नापास कामून होईल? बोर्डानं गफलत केली." मला ते पटलं. मी पण बोर्डालाच शिव्या घातल्या. मॅडमनी सांगून टाकलं, अजून एकदा बघू, मग नाइलाज आहे.

तुमच्याकडे मी रागातच आले होते. तुम्ही ओट्यावर तूर निवडत बसला होतात. पेपर पुढं सरकवून म्हणालात, "वाच." मी हात धुऊन आले, डोक्यावर पदर घेतला, पेपर पाटावर ठेवला, नमस्कार केला आणि लावला सूर. बातमी एसटीच्या नव्या वेळापत्रकाची होती. देवगाव फाट्याहून सुटणारी गाडी मी अशी आळवून आळवून सोडली, की तुमच्या तोंडात पदर गेला, सुपातली तूर सांडली, आणि तुम्ही हसून हसून भिंतीला टेकलात. मी तरातरा उठून घरी गेले. ह्या बाईचं तोंड बघायचं नाही, असं ठरवूनच टाकलं.

संध्याकाळी तुम्हीच आलात, तो पेपर घेऊन. चुलीपुढं पिढ्यावर बसलात. "हसले, चुकले. पण मला एक सांग, गाडी कितीला सुटते?"

"मला काय माहीत?"

"आत्ता दुपारी वाचलंस की."

"वाचलं म्हणजे? मी वाचलं, बाई. कळून घ्यायचं काम ऐकणाराचं."

आता हसणार म्हणून मी चिमटा उचलून तयार होते. पण तुम्ही हसला नाहीत. मला म्हणालात, "सरू, तू नापास कशात झालीस ते मला कळलं. तुझ्याकडं कुणी अर्थाचं काम दिलंच नाही." आणि मग विचारलंत, "हिंदीत पास कशी झालीस गं?"

मी म्हणाले, "हिंदीची पोथी कुठं हाय आमच्याकडं? ते मी आपलं तसंच वाचते, साधं." म्हणाले आणि माझं मलाच ऐकू आलं. भाकरी तव्यावर करपली, ती तुम्ही उलटलीत.

दुसऱ्या दिवसापासून दुपारची शाळा सुरू झाली. पुस्तकाला हळद-कुंकू लावायचं नाही, नमस्कार करायचा नाही, पाटावर ठेवायचं नाही, मांडीवर घ्यायचं. हे ऐकूनच माझ्या अंगावर काटा आला. विद्येला पाय लागतो की! तुम्ही म्हणालात, "लेकरू मांडीवर घेतेस तेव्हा त्याला पाय लागतो का?" तुमचा हाच खोटेपणा मला आवडायचा नाही, बाई. वाद घालताना तुम्ही मधेच लेकरू आणायच्यात.

सगळ्यात अवघड गेलं ते मनात वाचणं. ओठ हलायचे. ओठ दाबून धरले की मान हलायची. तुम्ही म्हणालात, "मनात वाच." मी म्हणाले, "मनात वाचलेलं कुणाला ऐकू जातंय? मग ते कशाला वाचायचं?" तुम्ही म्हणालात, "तुला जातंय ना?" मला काय, मला तोपर्यंत कधी ऐकू जावं लागलंच नव्हतं.

आणि तुमचे ते तीन प्रश्न. कोण म्हणायलंय? कुणाला? कशावरून? उतारा वाचून झाला की पुस्तक मिटायचं आणि ह्या तिन्हींची उत्तरं द्यायची. इतकं अंगवळणी पडलं की सासूबाईंनी एकदा गाऱ्हाणं सुरू केलं तर माझ्या तोंडून निघून गेलं, "कोण म्हणायलंय हे? कशावरून?" त्या दिवशी घरात जे झालं ते तुम्हाला मी मीठमसाला लावून सांगितलं होतं. तुमचा पदर पुन्हा तोंडात.

व्याकरण तुम्ही पुस्तकातून शिकवलंच नाही. आमच्या घरातून शिकवलंत. "तुमच्या घरात काल काय झालं?" मी म्हणाले, "रांजण फुटला." "आपोआप?" "धाकट्या जाऊबाईच्या हातून." "मग वाक्यात जाऊबाई कुठंय?" मी म्हणाले, "तिचं नाव घेतलं तर भांडण होतं." तुम्ही टाळी वाजवलीत. "बघ! कर्ता लपवायला माणसं वाक्य फिरवतात. तेवढं ओळखायला आलं की प्रयोग आले तुला." खरंच आले. त्यानंतर आमच्या घरात काय फुटलं, काय सांडलं, काय हरवलं, सगळ्याचा कर्ता मी शोधत बसायचे. घरचे पार बेजार झाले.

एकदा माझाही तोल गेला. कसलासा नियम डोक्यात शिरेना. तुम्ही तिसऱ्यांदा शांतपणे समजावलंत, आणि तो शांतपणाच मला सोसला नाही. घरी जाऊन मी व्याकरणाचं पुस्तक गव्हाणीत भिरकावलं. म्हशीनं त्याचा कोपरा चावून खाल्ला. दुसऱ्या दिवशी ते लाळेनं भिजलेलं पुस्तक तुमच्यापुढं ठेवलं. वाटलं, आता बोलणार. तुम्ही पानं उलटून बघितलीत आणि म्हणालात, "विभक्ती खाल्लीय गं हिनं. आता हिचा पण फॉर्म भर." मी इतकी हसले की रडू आलं, आणि रडू आलं ते थांबेना. तेव्हा तुम्ही मला विचारलंत, "तुला काय वाटतं, नाही झालीस पास तर?" मी म्हणाले, "मला परत कुणी बाई म्हणणार न्हाई." तुम्ही पुस्तक उन्हात वाळत घातलंत.

त्याच दिवसांत विद्यापीठाचं नाव बदलायच्या वादावरून सगळीकडं पेटलं होतं. एसट्या बंद, बाजार बंद, पेपर शिळा यायचा. माणसं कुजबुजत बोलायची. तुम्ही मला बातमी वाचायला दिलीत. अमुक गावी घरे जळाली, सामानाची नासधूस झाली, असं काहीतरी होतं. मी ती मनात वाचली, ओठ न हलवता, आणि मोठ्या तोऱ्यात पुस्तक मिटतात तसा पेपर मिटला.

"सांग काय झालं."

मी धडाधडा सांगितलं. कुणी कुणाला काय केलं, कुणी आपलीच घरं कशी पेटवून घेतली, सगळं.

तुमचं नाक लाल झालं. राग आला की व्हायचं तसं. "हे कुठं लिहिलंय? बोट ठेव."

मी पेपर उघडला. वरून खाली शोधलं. खालून वर शोधलं. त्यातलं काहीच तिथं नव्हतं.

"मग कुठून आणलंस?"

"सगळे म्हणायलेत."

"सगळे म्हणजे कोण?"

सगळे म्हणजे आमचे दीर आणि पारावरची माणसं. मी पेपराची घडी घालायला लागले. तुम्ही म्हणालात, "तू वाचलंस ते सांगितलं नाहीस. ऐकलेलं होतं ते वाचलंस. आता जे लिहिलंय ते बघ. घरे जळाली. तुझी चूल कुणी पेटवल्याशिवाय पेटते का? मग घरं कशी पेटली?"

"ह्यात कर्ताच न्हाई, बाई."

"नाही ना? रांजणाची गोष्ट आठव."

मी म्हणाले, "आपल्याला काय करायचंय त्या भानगडीत? मला परीक्षा पास व्हायचीय." तुम्ही म्हणालात, "वाचायला तर यावं, पण भानगडीत पडू नये, असं दोन्ही होत नसतं." ह्यावरून आपलं भांडण झालं, ते मिटलं नाही. पुढं कितीतरी वेळा उकरून निघालं. घरी मी दिरांना एकदा विचारलं, "भावजी, हे कुठं लिहिलंय?" तर ताटावरून उठून गेले. तुम्हाला येऊन सांगितलं, "बघा तुमच्या शिकवण्यानं काय झालं." तुम्ही म्हणालात, "छान झालं." मला अजूनही वाटतं, बाई, तुमचं ठीक होतं, तुमची बदली होऊ शकत होती. मला त्याच घरात राहायचं होतं. पण दिरांची लेकरं आता पेपर वाचताना बोट ठेवतात, तेही खरंय. विद्यापीठाच्या नावाचा निकाल तुम्ही जाईपर्यंत काही लागला नाही. लागेल तेव्हा तुमच्या ओट्यावर बसून मी पेपर वाचीन आणि त्यात कर्ता आहे का बघीन.

तिसऱ्यांदा जिंतूरला गेले. उतारा पुढं आला, आणि सवयीनं घशात सूर दाटला. मी जीभ दाताखाली धरली. कोण म्हणायलंय? कुणाला? कशावरून? उतारा एका विहिरीबद्दल होता आणि मला ती विहीर दिसली, बाई! मागच्या दोन्ही खेपेला उतारे कशाबद्दल होते तेसुद्धा मला सांगता येणार नाही. मी पेपरात मान खाली घालून हसले, तर तिथली बाई येऊन कॉपी करायलेय का म्हणून माझा पदर झटकून गेली.

पास झाले. बालवाडी राहिली. निकाल घेऊन धावत तुमच्याकडं आले, पायात चप्पल नाही. वाटलं, तुम्ही पाठ थोपटाल, निदान तोंड गोड कराल. अप्पा आत साखर आणायला गेले. आणि तुम्ही काय म्हणालात? "बोर्डाची पास झालीस. माझी नाहीस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आता काय राहिलं?"

"पोथी. पेपर वाचतेस, पुस्तक वाचतेस, आणि पाटावर बसलीस की पुन्हा अर्थ महाराजांच्या गळ्यात. महाराज नाहीत आता. ज्या दिवशी पोथी चालू असताना एखादी बाई तुला थांबवून विचारील, की सरू, हे असं कामून? त्या दिवशी तू पास. पेढे मी वाटीन."

"पोथी मधी तोडत नसतात. दोष लागतो."

"मग राहा नापास," म्हणालात आणि साखरेची चिमूट माझ्या तोंडात घातलीत.

त्यानंतरची सगळी वर्षं आपलं हेच. मी म्हणायचे, सूर काढला तर पोथीत उरतं काय? बाया सुरासाठी येतात. दिवसभर रानात राबून आलेल्या बाईला जरा रडू द्या की सुखानं. तुम्ही म्हणायच्यात, रडू दे, पण कशासाठी रडतेय ते तरी तिला कळू दे. तुम्ही कधीमधी मागं येऊन बसायच्यात, भिंतीला टेकून. मी तुमच्याकडं न बघता मुद्दाम जास्तच हेल काढायचे.

एकदा बाहेर पडताना विचारलंत, "ती गया मधेच उठून का जाते गं?"

गया आमच्या मागच्या घरातली. माझ्याच वयाची, बोलणं कमी. तिचं पहिलं लेकरू तापानं गेलं, त्याला खूप वर्षं झाली. पुढं दोन लेकी झाल्या, त्या आता नांदायला गेल्या. कुणाच्याही सुतकात पोथी बसली की ती यायची, दाराच्या चौकटीला टेकून बसायची, आणि मेल्यावर जिवाला कुठल्या वाटेनं जावं लागतं तो अध्याय आला की उठून जायची. मी म्हणाले, "म्हशीची धार काढायची वेळ असते तिची."

तुम्ही म्हणालात, "तू काय वाचतेस ते तुला माहीत नाही. तिला काय ऐकू येतंय ते तरी बघ." मला राग आला. आयुष्यभर रागच आला तुमचा, दुसरं काय.

मग तुम्ही आजारी पडलात. मी यायचे, पेपर वाचून दाखवायचे, तुम्ही डोळे मिटून विचारायच्यात, "कोण म्हणायलंय?" शेवटी शेवटी विचारायला श्वास पुरायचा नाही, नुसतं बोट हलवायच्यात. मला कळायचं. मला म्हणायचं होतं, बाई, मला लेकरं बाई म्हणतात ते तुमच्यामुळं. दर वेळी वाटायचं, आज म्हणू. आणि दर वेळी मी म्हणायचे, औषध घेतलंत का, खिचडी खाल्लीत का. उंबऱ्यापर्यंत आलेले शब्द मी तसेच परत न्यायचे.

तुम्ही गेलात आणि सुतकात पोथी कुणी वाचायची ह्यावर घरात बोलणं निघालं. तुमच्या माहेरची माणसं म्हणाली, परभणीहून शास्त्री आणू. अप्पा एवढंच म्हणाले, "सरू वाचील. ही सांगून गेलीय." मी अप्पांना बाजूला घेऊन विचारलं, "बाई तर पोथीला हसायच्या. त्यांनी कसं सांगितलं?" अप्पा म्हणाले, "ती म्हणाली, सरूची परीक्षा राहिलीय. माझ्या घरी घ्या."

मी न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारलं, बाई. मेल्यावरसुद्धा सोडत नाही ही बाई, असं म्हणाले. तुम्हाला शिव्या दिल्या आणि रडले.

पहिले काही दिवस मी तुमचं ऐकलं नाही. सूर लावला. तुमच्याच माजघरात, तुमच्या दिव्यासमोर, बाया दाटीवाटीनं बसलेल्या, आणि माझा आवाज कधी नव्हे इतका चांगला लागला होता. सगळ्या रडल्या. मीही. तुम्ही भिंतीला टेकून बसायच्यात ती जागा मोकळी होती, तिकडं बघायचे नाही.

मग त्या वाटेचा अध्याय आला. तापलेली वाळू, काट्यांचं रान, अनवाणी पाय, पाणी नाही. मी पहिली ओवी उचलली आणि समोर गया दिसली. चौकटीला टेकलेली. ती पदर सावरायला लागली होती. आता उठणार. दुपार कुठं कललेली, धारेची वेळ व्हायला अजून खूप अवकाश होता. इतकी वर्षं मी तिला तशी उठताना बघितलं आणि मला एकदाही वेळ बघावीशी वाटली नव्हती.

माझा सूर तुटला. मुद्दाम नाही तोडला, बाई, खोटं कशाला सांगू. पुढची ओवी मी साधी वाचली, पेपर वाचतात तशी. मग पुढची. जिथं म्हणणं संपतं तिथं थांबत. माजघर एकदम वेगळं झालं. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं पदराआडून विचारलं, "घसा बसला का गं?" मी वाचत राहिले. चालणारा कोण, त्याला चालवणारा कोण, कशावरून. शब्द न शब्द कळत होता आणि मला भीती वाटत होती.

गया उठलीच होती. दाराची चौकट धरून उभी राहिली. आणि म्हणाली, "सरू."

मी थांबले.

"लहान लेकराला बी एवढं चालावं लागतंय का?"

"गया, पोथी तोडू नको!" दोघी-तिघी एकदम ओरडल्या. "खाली बस. दोष लागतो."

गया बसली नाही. "माझं नुकतंच चालायला लागलं होतं," ती म्हणाली. "भिंत धरून. चार पावलं टाकली की बसायचं. ते कसं जाईल एवढं?"

ती माझ्याकडं बघत होती. ती मला विचारत होती, बाई. महाराजांना नाही.

मी ओवीवर फूल ठेवलं, अध्यायाच्या पहिल्या पानावर आले आणि मनात वाचायला लागले. ओठ मिटून, बोट ठेवून, ओळ न ओळ. आमच्या गावात पोथी अशी कुणी कधी वाचली नसेल. एवढ्या बाया बसलेल्या आणि आवाज नाही. मधे एकदा म्हातारी सखूबाई म्हणाली, "ही काय करायली?" आणि कुणीतरी तिला सांगितलं, "वाचायली." मी सगळा अध्याय वाचला. मग पुढचा वाचला. मग पोथीचा उरलेला भाग पालथा घातला. लेकराचं काही सापडलं असतं तर मी गयाला काय सांगितलं असतं, ते मला अजून माहीत नाही. बहुतेक खोटं बोलले असते. पण बोलायची वेळ आली नाही.

"न्हाई, गया," मी म्हणाले. "ह्यात लेकराला कुठंच चालवलेलं न्हाई."

"परत बग."

मी परत बघितलं. ती जवळ आली, माझ्या शेजारी बसली आणि माझं बोट जिथं जिथं फिरेल तिथं तिथं बघत राहिली. तिला एक अक्षर येत नाही. पण बोट कुठंच थांबत नाही, हे तिला दिसत होतं.

"मग मला कुणी सांगितलं होतं?" ती म्हणाली.

"कुणी सांगितलं होतं?"

तिनं आठवायचा प्रयत्न केला. "सगळे म्हणायचे," म्हणाली. मग ती माझ्या खांद्याला डोकं टेकून रडली. मोठ्यानं, सुरात नाही. बाया उठून तिच्याभोवती बसल्या. आणि मग एकेकीला कंठ फुटला. एक म्हणाली, बाळंतपणात गेलेल्या बाईचं काय लिहिलंय बघ बरं. दुसरी म्हणाली, विधवेनं काय खावं ते ह्यात हाय का सासूनंच काढलंय? माजघरात एवढा गलका झाला की अप्पा बाहेरून आत आले. सुतकाच्या घरात बाया तावातावानं भांडायला लागलेल्या, मधे पोथी उघडी, आणि मी बोट ठेवून ओरडतेय, "थांबा गं, एकेकीनं विचारा!" मला वाटलं, अप्पांना वाईट वाटेल. अप्पा बघत राहिले. तुमच्या भिंतीपाशी जाऊन टेकले आणि म्हणाले, "चालू द्या."

त्या दिवशी गया शेवटपर्यंत बसली. उरलेली पोथी मी सुरात वाचली, कारण तिनंच सांगितलं, "आता गा की जरा." म्हणून हे भांडण मी पुरतं हरलेले नाही, बाई, हे लक्षात ठेवा.

परवा तेराव्याचं जेवण झालं, पानं उचलली, आणि अप्पा जिंतूरहून आणवलेला पुडा घेऊन माजघरात आले. तुमच्या माहेरची माणसं बघतच राहिली. दुखवट्याच्या घरात पेढे! अप्पा म्हणाले, "हिनं सांगून ठेवलंय. सरू पास झाली." मला पहिला दिला. मी तो हातात धरून उभी राहिले. तुम्हाला जे कधी म्हणाले नाही ते तेव्हाही तोंडातून निघालं नाही. म्हणून इथं लिहिते, बाई, कर्ता-कर्मासकट. मला तुम्ही बाई केलंत.

मग पुडा माझ्याकडं देऊन अप्पा बसले आणि मी वाटत गेले. गयानं एक घेतला आणि तोंडात टाकला. मी पुढं सरकणार तर तिनं पुन्हा हात पुढं केला.

"अजून एक दे," म्हणाली. "बारका दे. लेकराला पुरंल एवढा."